टोपीवाले अस्वल आणि जळते रान

निळी जीन्स घातलेले, डोक्यावर वनरक्षकाची रुंद काठाची टोपी चढवलेले एक अस्वल शेकोटीवर बादलीभर पाणी ओतते आहे. काळजी घेतली तर दहांतले नऊ वणवे टळतात, असे ते बजावते आहे. अल्बर्ट स्टेहली या चित्रकाराने काढलेले हे पोस्टर १९४४ साली अमेरिकेत छापले गेले. अस्वलाचे नाव स्मोकी. तीन वर्षांनी, १९४७ साली, त्याच्या तोंडी नवे वाक्य आले: वणवे थांबवणे फक्त तुमच्याच हातात आहे. आठ दशके उलटली तरी हे अस्वल निवृत्त झालेले नाही. अमेरिकेत इतकी वर्षे चाललेली लोकशिक्षणाची दुसरी जाहिरात मोहीम नाही.

वणवा रोखण्यासाठी पोस्टर, रेडिओ, सिनेमा आणि शाळा यांचा उपयोग कसा करावा हे ज्याला शिकायचे आहे, त्याने स्मोकीचा अभ्यास करावा. लोकशिक्षण यशस्वी होऊनही जंगलाचे नुकसान कसे होते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्यानेही स्मोकीचाच अभ्यास करावा. दर उन्हाळ्यात आपले डोंगर काळे पडत असताना आपल्याला या दोन्ही बाजू ठाऊक असायला हव्यात.

स्मोकीचा जन्म युद्धातला. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी एक जपानी पाणबुडी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ वर आली आणि तिने सांता बार्बराजवळच्या एलवुड तेलक्षेत्रावर तोफगोळे डागले. नुकसान किरकोळ झाले. पण लॉस पाद्रेसचे राष्ट्रीय वनक्षेत्र तिथून जवळच होते, आणि शत्रूने रानच पेटवले तर काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात उभा राहिला. सप्टेंबरात नोबुओ फुजिता या जपानी वैमानिकाने पाणबुडीवरून उडवलेल्या लहानशा विमानातून ओरेगॉनच्या जंगलात खरोखरच आगलावे बॉम्ब टाकले. रान ओले होते म्हणून आग पसरली नाही. युद्धाच्या अखेरीस जपानने मोठ्या कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून ते प्रशांत महासागरापलीकडे सोडले. मे १९४५ मध्ये ओरेगॉनमधल्या ब्लाय गावाजवळ अशाच एका बॉम्बने सहलीला गेलेली एक महिला आणि पाच मुले दगावली.

त्या काळात आग विझवणारे धडधाकट तरुण सैन्यात गेले होते. विझवायला माणसे नाहीत, तर आग लागूच नये यासाठी लोकांना तयार करायचे, असे अमेरिकेच्या वनसेवेने ठरवले आणि जाहिरात क्षेत्रातल्या मंडळींनी युद्धकार्यासाठी स्थापन केलेल्या परिषदेची मदत घेतली. सुरुवातीची पोस्टरे शत्रूची भीती घालणारी होती. तुमच्या निष्काळजी काडीने शत्रूला मदत होते, असा त्यांचा सूर. १९४२ च्याच ऑगस्टमध्ये डिस्नीचा ‘बॅम्बी’ हा चित्रपट आला. त्यातले पेटलेल्या जंगलातून जीव घेऊन पळणारे हरणाचे पाडस लहानथोरांच्या मनात घर करून बसले. डिस्नीने ते पाडस पोस्टरवर वापरायला एका वर्षापुरती परवानगी दिली. पोस्टर कमालीचे गाजले, मुदत संपली, आणि वनसेवेला स्वतःचा हक्काचा प्राणी हवा झाला. ऑगस्ट १९४४ मध्ये अस्वलाची निवड पक्की झाली.

शत्रूच्या भीतीवर बेतलेली मोहीम युद्धाबरोबर संपली असती. प्राण्याच्या मायेवर बेतलेली मोहीम टिकली. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्यांना माणसाचे मन चांगले कळत होते. ज्याच्यावर जीव जडतो त्याचे ऐकायला माणूस तयार होतो, आणि लहान मूल तर सर्वांत आधी.

मुलांपर्यंत पोचायचे एकही माध्यम त्यांनी सोडले नाही. रूडी वेंडेलिन या चित्रकाराने १९४६ पासून पुढची सत्तावीस वर्षे स्मोकीची शेकडो चित्रे काढली आणि त्याला आज ओळखीचा वाटणारा चेहरा दिला. रेडिओवर त्याला घोगरा, आश्वासक आवाज मिळाला. १९५२ साली त्याच्यावर गाणे निघाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने कायदा करून स्मोकीचे नाव आणि चित्र विनापरवाना वापरायला बंदी घातली. परवान्यातून येणारा पैसा वणवा-प्रतिबंधाच्याच शिक्षणावर खर्च व्हायचा. पुढच्या वर्षी बाजारात आलेल्या स्मोकीच्या बाहुलीसोबत एक अर्ज असे. मुलाने तो भरून पाठवला की त्याला ‘बाल वनरक्षक’ असल्याचे ओळखपत्र घरपोच येई. लाखो मुलांनी अर्ज केले. अस्वलाच्या नावे इतकी पत्रे येऊ लागली की १९६४ साली टपाल खात्याने त्याला स्वतःचा पिन कोड दिला: २०२५२.

मोहिमेला खरे अस्वलही लाभले. मे १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लिंकन राष्ट्रीय वनात, कॅपिटन डोंगररांगेत मोठा वणवा लागला आणि सुमारे १७,००० एकर रान जळाले. विझवणाऱ्या माणसांना एका करपलेल्या झाडाला बिलगून बसलेले काळ्या अस्वलाचे पिल्लू सापडले. त्याचे तळवे आणि मागचे पाय भाजले होते. रे बेल या वन्यजीव अधिकाऱ्याने त्याला सांता फे येथे नेले, पशुवैद्याकडून उपचार करवले आणि घरी ठेवून वाढवले. देशभर बातमी पसरली. पिल्लाचे नाव स्मोकी ठेवून त्याला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पाठवण्यात आले. पुढची सव्वीस वर्षे ते तिथे राहिले. १९७६ साली मेल्यावर त्याला कॅपिटन गावात नेऊन पुरले. पोस्टरवरच्या चित्राला हाडामांसाचे शरीर मिळाले, आणि वणव्यात नेमके कोणाचे काय जळते हे मुलांना वेगळे समजावून सांगायची गरज उरली नाही.

परिणाम दिसला का? १९३० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी जळणाऱ्या रानाचे सरकारी आकडे कोट्यवधी एकरांत आहेत. १९६० च्या दशकात ते पन्नास लाख एकरांच्या आसपास आले. या दोन्ही काळांतली मोजणीची पद्धत एकसारखी नव्हती, म्हणून तुलना जपून करावी. शिवाय याच काळात टेहळणीचे मनोरे, रानातले रस्ते, विमाने आणि हवाई छत्रीने आगीजवळ उतरणारी पथके आली. तरीही निष्काळजीपणाने लागणाऱ्या आगींबद्दलची समाजाची जाणीव बदलली, आणि त्यात या अस्वलाचा वाटा मोठा होता. तिथे जळती काडी किंवा सिगारेटचे थोटूक रानात फेकणे लाजिरवाणे ठरले.

स्मोकीने शिकवलेली एक साधी कृती आपणही आत्मसात करावी. शेकोटी विझवताना वरून पाणी ओतून निघून जायचे नाही. पाणी ओतायचे, काठीने राख आणि निखारे ढवळायचे, पुन्हा पाणी ओतायचे, आणि मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायची. तळव्यापेक्षा ती त्वचा उष्णतेला अधिक हळवी असते. हाताला धग लागली तर शेकोटी विझलेली नाही; पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणे. वरची राख गार दिसत असताना खालचा निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि दुपारचा वारा सुटला की तोच रान पेटवतो. सह्याद्रीत तंबू टाकून मुक्काम करणाऱ्या किती गटांना हे ठाऊक आहे?

आता दुसरी बाजू.

वनसेवेची आगीबद्दलची धास्ती स्मोकीच्याही आधीची आहे. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत वादळी वाऱ्याने शेकडो लहान आगी एकत्र केल्या आणि सुमारे ३० लाख एकर रान जळाले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर होते. वनसेवा तेव्हा अवघी पाच वर्षांची होती. त्या आगीत होरपळलेली पिढीच पुढे खात्याच्या वरच्या पदांवर पोचली. १९३५ साली वनप्रमुख फर्डिनांड सिल्कॉक्स यांनी नियम केला: आग कुठेही, कशानेही लागो, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आग म्हणजे शत्रू, या एकाच समजुतीवर सारे वनव्यवस्थापन उभे राहिले.

पण दक्षिणेकडच्या राज्यांत लोक ही समजूत मानत नव्हते. जॉर्जिया, फ्लोरिडा, मिसिसिपीमधले शेतकरी आणि गुराखी दर हिवाळ्यात पाइनच्या रानातला पालापाचोळा आणि वाळके गवत जाळत. नवे गवत फुटते, गोचिड्या आणि साप कमी होतात, रान मोकळे राहते, अशी त्यांची कारणे होती. त्यांना सुधारण्यासाठी अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनने १९२८ ते १९३१ या काळात एक विलक्षण उपक्रम केला. मालमोटारींवर वीज तयार करणारे यंत्र, प्रोजेक्टर आणि पडदा लादून तरुण कार्यकर्ते खेडोपाडी फिरले. त्यांना ‘डिक्सी क्रुसेडर्स’ म्हणत. शाळेत, चर्चच्या आवारात, चौकात ते चित्रपट दाखवत आणि रान जाळू नका असे सांगत. वीज न पोचलेल्या त्या खेड्यांत कित्येकांनी हलते चित्र त्या रात्री पहिल्यांदाच पाहिले. सुमारे ३० लाख लोकांपर्यंत हा संदेश गेला. फिरत्या सिनेमाचा लोकशिक्षणासाठी इतका मोठा वापर त्याआधी क्वचितच झाला असेल.

तरी लोक रान जाळतच राहिले. मग वनसेवेने जॉन शी या मानसशास्त्रज्ञाला कारण शोधायला पाठवले. त्याचा लेख १९४० साली ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ या मासिकात आला. आमचे बाप-आजे जाळत आले म्हणून आम्ही जाळतो, असे लोकांचे उत्तर त्याने नोंदवले. साप, गोचिड्या, कपाशीवरचे किडे ही कारणेही नोंदवली. आणि निष्कर्ष काढला की या सबबी आहेत. खरे कारण एकसुरी, कंटाळवाणे आयुष्य आणि आगीतून मिळणारी करमणूक. शी लोकांच्या दारात गेला, त्यांच्याशी बोलला, उत्तरे लिहून घेतली, आणि तरीही त्याने त्यांचे ऐकले नाही. लोकांच्या म्हणण्यात रानाबद्दलचे काही ज्ञान असू शकेल, ही शक्यता त्याने विचारातच घेतली नाही.

ते ज्ञान कसले होते हे त्या रानातल्या मुख्य झाडाकडे पाहिले की कळते. लांब सुयांच्या या पाइनचे, लाँगलीफचे, रोप उगवल्यावर झाड दिसतच नाही. काही वर्षे ते जमिनीलगत गवताच्या झुबक्यासारखे बसून राहते. वर वाढ दिसत नाही, पण खाली सोटमूळ खोल उतरत असते. मधोमध असलेला कोंब वीतभर, कधी त्याहून लांब सुयांच्या दाट वेढ्यात दडलेला असतो. हिवाळ्यातली हलकी आग वरून जाते तेव्हा सुया करपतात, त्यांच्यातल्या ओलाव्याने कोंब वाचतो, आणि सुयांवर पडणारा तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोगही जळून जातो. पुढे एखाद्या वर्षी रोप एकदम उंच होऊ लागते. आग आलीच नाही तर रुंद पानांची झुडपे त्याच्यावर चढतात, जमीन पाचोळ्याने झाकते आणि बीज मातीला टेकत नाही. येल विद्यापीठाच्या एच. एच. चॅपमन यांनी लाँगलीफला आगीची गरज असते हे १९२६ सालीच मांडले होते. हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी लावा पक्ष्यावरच्या १९३१ च्या ग्रंथात दाखवले की जाळणे थांबले की लाव्यांचे रानही आवळत जाते.

वनखात्याच्या संशोधकांनाही हे दिसत होते. पण जनतेला एक सांगायचे आणि आपण दुसरे लिहायचे कसे, या संकोचात त्यांचे निष्कर्ष वर्षानुवर्षे दडपले गेले. अ‍ॅशली शिफ या अभ्यासकाने १९६२ सालच्या पुस्तकात हा इतिहास उघड केला. अखेर १९४३ साली वनप्रमुख लाइल वॉट्स यांनी दक्षिणेतल्या राष्ट्रीय वनांत ठरवून, हंगाम पाहून, मर्यादित आग लावायला परवानगी दिली. पुढच्याच वर्षी स्मोकी आला आणि साऱ्या देशाला सांगू लागला की रानातली प्रत्येक आग हा अपघात आहे. खाते जे स्वतः शिकले होते ते त्याने लोकांना सांगितलेच नाही. लोक गोंधळतील, अशी भीती त्यामागे होती. ही भीती मला समजते, पण पटत नाही. ज्यांच्याकडून खात्याला ही गोष्ट कळू शकली असती, त्यांनाच अडाणी ठरवून त्यांच्यापासून ती लपवली गेली. लाँगलीफची राने एके काळी सुमारे नऊ कोटी एकरांवर होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतली जेमतेम तीस लाख एकर उरली. तोड, शेती आणि दुसऱ्या पाइनची लागवड ही त्याची मोठी कारणे. आग बंद होणे हेही त्यांतलेच एक.

पश्चिमेकडेही हेच घडले. कॅलिफोर्नियातल्या महाकाय सिकोया वृक्षांखाली रोपेच दिसेनाशी झाली तेव्हा १९६० च्या दशकात रिचर्ड हार्टसव्हेल्ट यांनी कारण शोधले. सिकोयाची फळे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात. खालच्या आगीच्या उष्ण हवेने ती वाळतात, उघडतात, आणि बारीक बिया राखेने मोकळ्या झालेल्या मातीवर पडतात. कित्येक दशके जपून आग दूर ठेवलेल्या त्या राईत पुढची पिढीच जन्मत नव्हती. १९६८ साली राष्ट्रीय उद्यान सेवेने धोरण बदलले. वनसेवेने सकाळी दहाचा नियम १९७८ मध्ये मागे घेतला. पण चाळीस वर्षांत जमिनीवर साठलेले लाकूड, काटक्या आणि दाट झुडपे धोरण बदलल्याने नाहीशी होत नाहीत. आज पश्चिम अमेरिकेत वणवे भडकण्यामागे तापलेली, कोरडी हवा आहे, रानाला लागून वाढलेली घरे आहेत, आणि हा साठलेला सरपणाचा ढीगही आहे. २०२० साली एकट्या कॅलिफोर्नियात चाळीस लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले.

क्लामाथ नदीकाठच्या कारुक आणि युरोक लोकांना हे सारे पूर्वीपासून माहीत होते. टोपल्या विणायला सरळ, लवचीक फोक हवेत म्हणून ते हेझलची झुडपे जाळत; जळल्यानंतर फुटलेले कोंबच विणकामाला चालतात. कॅलिफोर्नियाने १८५० सालच्या कायद्यातच गवताळ रान पेटवणे दंडनीय केले. त्यानंतर या लोकांसाठी आजी-पणजीकडून आलेले काम गुन्हा ठरले. आता त्याच राज्यात त्यांच्या जाणकारांना बोलावून आग कशी लावायची हे शिकून घेतले जाते.

स्मोकीचे वाक्यही २००१ साली बदलले. जंगलातल्या आगीऐवजी आता तो अनावर, अवेळी लागलेल्या आगीबद्दल बोलतो, आणि नियंत्रित आगीची माहितीही त्याच्या साहित्यात मिळते. रानाजवळ राहणाऱ्यांसाठी ‘फायरवाइज’सारखे उपक्रम आले. बहुतेक घरे आगीच्या लोटाने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, हे त्यांतून लोकांना समजावले जाते. म्हणून छपराच्या पन्हळीतला पाचोळा काढा, भिंतीला टेकवलेली लाकडे हलवा, अशा कामांवर भर असतो. हे शिक्षण पोस्टरपेक्षा कंटाळवाणे आहे, पण अधिक उपयोगाचे.

आपल्याकडे हा वाद अमेरिकेपेक्षा जुना आहे. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या सागवानी जंगलात कर्नल पीअर्सन यांनी आग दूर ठेवण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि तो देशभर नमुना ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवनांत आणि बंगाल-आसामच्या सालवनांत वनाधिकाऱ्यांच्याच लक्षात आले की आग थांबल्यावर नवी रोपे तगेनाशी झाली आहेत. अगदी अलीकडे कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगनच्या डोंगरांत सोलिगा लोकांनी सांगितले की ते हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत तेव्हा घाणेरीची रोपे जळत आणि आवळ्यावरचे बांडगूळ आटोक्यात राहत असे. अभयारण्य झाले, आग बंद झाली, आणि घाणेरीने रान व्यापले. अभ्यासकांनी हे म्हणणे गांभीर्याने घेऊन तपासले आहे.

यावरून सह्याद्रीतले वणवे चांगले, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या डोंगरांवर एप्रिल-मेच्या कडक उन्हात, वारा चढणीच्या दिशेला असताना, त्याच त्या उतारावर दरवर्षी लागणारी आग म्हणजे सोलिगांची पाचोळ्याची आग नव्हे. तिने लावलेली रोपे जातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या लाव्या-तित्तिरांची अंडी जातात, आमराया आणि काजूच्या बागा होरपळतात, आणि जून उजाडला की उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या जोरदार सरींनी ओढ्यात उतरते. कोकण-घाटातली सदाहरित राई तर आगीला कधीच सरावलेली नव्हती. कोणते रान, कोणता महिना, किती उंचीची ज्वाळा, आणि पेटवणारा कोण, हे विचारल्याशिवाय आगीबद्दल काहीही म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आपले लोकशिक्षण नेमके हेच विचारत नाही. फेब्रुवारी आला की रस्त्याकडेला वणवा लावणे गुन्हा आहे असे फलक दिसतात. ते खरेच आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणे गुन्हाच आहे. पण त्याच सुमारास वनखाते स्वतः जाळरेषा काढत असते. आगीचा हंगाम सुरू होण्याआधी रुंद पट्ट्यातले गवत कापून, ते ठरवून जाळून, आग ओलांडू शकणार नाही अशी मोकळी पट्टी तयार करणारे वनरक्षक आणि हंगामी मजूर मेहनतीचे काम करतात. आग कधी आणि कशी लावावी हे त्यांना उत्तम कळते. गावाला मात्र तेवढेच सांगितले जाते की आग लावू नका. १९४४ च्या पोस्टरपासून आपण फार पुढे गेलेलो नाही.

फलक वाचतो तो मोटारीतून जाणारा. गडचिरोलीत किंवा मेळघाटात मार्च महिन्यात पहाटे टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली जाणारी बाई तो वाचत नाही. मोहफुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. पाचोळ्यात पडलेले फिकट फूल अंधुक उजेडात शोधून वेचणे जिकिरीचे, शिवाय पाल्यात विंचू-काट्याचे भय. म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी केली जाते. त्यातली एखादी आग पाहता पाहता नाल्यापलीकडे जाते. या बाईला गुन्ह्याचे कलम सांगून काय होणार? झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरली तर फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहते, त्याला भाव बरा मिळतो, आणि जाळावे लागत नाही. हे तिच्या बोलीत, गोंडी-माडिया-कोरकूत, तिच्याच गावच्या दुसऱ्या बाईने करून दाखवले तर पटते. तेंदूच्या नव्या पानासाठी, पुढच्या वर्षीच्या गवतासाठी, कोकणात भातरोपांच्या जागी राब भाजताना लागणाऱ्या आगींचेही असेच. प्रत्येक आगीमागे एक काम आहे. त्या कामाला दुसरी वाट दाखवल्याशिवाय आग थांबवा म्हणणे व्यर्थ आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण यासाठी मोलाचे वाटते. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने ग्रामसभेत बसून ठरवले की तेंदू तोडायचा नाही. पानांसाठी झाडे छाटली जातात, रान पेटवले जाते, आणि पाखरांना व माणसांना मिळणारी फळे जातात, असा त्यांचा हिशोब होता. हातचे उत्पन्न सोडून त्यांनी बांबूवर भर दिला. तिथे कोणी अस्वलाचे पोस्टर लावले नव्हते. रान आपले आहे आणि निर्णय आपला आहे, एवढे पुरले. माध्यमे कितीही प्रभावी असोत, मालकीची ही भावना ती निर्माण करू शकत नाहीत. फार तर ती असेल तिथे तिला बळ देऊ शकतात.

म्हणून माझे मत असे. वणव्याबद्दलचे आपले लोकशिक्षण आधी ऐकण्यापासून सुरू व्हावे. प्रत्येक तालुक्यात आग कोण लावतो, कोणत्या आठवड्यात आणि कशासाठी, हे गावकऱ्यांकडून समजून घ्यावे. मगच ग्रामसभा, दवंडी, पथनाट्य, आकाशवाणी, व्हॉट्सअ‍ॅप यांपैकी जे माध्यम तिथे चालते ते निवडावे. शाळेतल्या मुलांना वणव्यात काय जळते ते शिकवावेच, त्याबरोबर जाळरेषा म्हणजे काय आणि हिरव्या डहाळीने आग कशी झोडपतात हेही वनरक्षकाला शाळेत बोलावून दाखवावे. शहरी पर्यटकाला मात्र स्मोकीचे जुने वाक्यच पुरेसे आहे. त्याच्या शेकोटीमागे कसलेही अडलेले काम नसते.

तुम्ही डोंगराजवळ राहत असाल किंवा वरचेवर जात असाल, तर फेब्रुवारी संपायच्या आत दोन गोष्टी करा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने जंगलातल्या आगी टिपते. तिच्या संकेतस्थळावर आपला मोबाइल क्रमांक नोंदवा, म्हणजे तुमच्या भागात आग दिसताच सूचना येईल. आणि राज्याच्या वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा १९२६ क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. धूर दिसला की व्हिडिओ काढण्याआधी त्या क्रमांकावर फोन करा.